पुस्तकातल्या आकड्याखाली

शुगर लँड, ६ एप्रिल १९९७, रविवार

काल डॉईल प्रुइटच्या घरी गेलो होतो. डॉईल माझा मॅनेजर. साठी ओलांडलेला, धिप्पाड, इथलाच टेक्सासचा. बायको लोरीन मागच्या वर्षी गेली, तेव्हापासून मोठ्या घरात एकटाच असतो. त्याला 'लहू' म्हणता येत नाही, 'लू' म्हणतो. आता ऑफिसात सगळेच लू म्हणतात.

चूक माझीच. सोमवारी जेवताना त्याने विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी म्हटलं, भंडाऱ्याजवळ दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, तिथे पावडरच्या सेक्शनला होते. त्याने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "इतकी वर्षं माझ्या शेजारी बसतोस आणि हे आज सांगतोस?" लगेच शनिवारचं आमंत्रण.

वाटलं होतं जेवण असेल. जेवण नंतर. आधी गॅरेज. गाडी बाहेर उन्हात आणि गॅरेजात लांबलचक टेबल, त्यावर एक हँडलवालं प्रेस, छोटा तराजू, पावडरचे काळे डबे. हा माणूस आपली काडतुसं आपणच भरतो. एकदा उडवलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाची पुंगळी, घ्यायची, तळातली जुनी टोपी काढून नवी बसवायची, आत पावडर मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. त्याचं रिव्हॉल्व्हर मॅग्नम आहे, चव्वेचाळीसचं. हातात दिलं तर मनगट वाकलं. साध्या काडतुसापेक्षा यात कितीतरी जास्त पावडर जाते, म्हणून सगळी मेख त्या पावडरच्या वजनात. थोडं इकडे-तिकडे झालं की संपलं.

"तुझ्या रक्तातच आहे हे, लू. दर शनिवारी येत जा."

बाबांनी कारखान्याबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नाही. मला बंदुकांचं काडीचं प्रेम नाही. पण मी काय म्हटलं? "शुअर, सर."

घरी येऊन बायकोला सांगितलं. उपासना म्हणाली, "दारू प्यायला बोलावलं असतं तर समजू शकले असते. दारू भरायला कोण बोलावतं?"

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीचा कार्यक्रम कालच ह्यूस्टनमध्ये झाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. वंदना, भाषणं, मग डाळ-भात आणि सावजी चिकन. आमच्या हर्षिताला बाबासाहेबांवर चार ओळी बोलायच्या होत्या. स्टेजवर गेली आणि 'आय फर्गॉट' म्हणून खाली उतरली. सगळे हसले, तीही हसली.

अतुलला डॉईलचं सांगितलं. अतुल माझ्या कॉलेजचा, आता इथे दुसऱ्या कंपनीत. त्याचं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी झालं, म्हणून तो आता सगळ्यांना सल्ला देतो.

"यार, तुझी फाइल कुणाच्या हातात आहे?"

"डॉईलच्या."

"मग विषय संपला. तो म्हणाला मगरी पकडायला चल, तर मगरी पकड. कार्ड हातात आलं की मग तत्त्वं काढ."

तो चुकीचं बोलत नाही. माझा व्हिसा पुढच्या वर्षी संपतो, आणि आता वाढत नाही. कार्डासाठी आधी कंपनीला माझ्या जागेची जाहिरात द्यावी लागते. कोणी लायक अमेरिकन मिळाला तर मी गेलो. आलेले अर्ज बघणार डॉईल, आणि कोण लायक ते ठरवणारही डॉईलच. नोकरी बदलली तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ आता उरलेला नाही. म्हणजे दार आहे, पण त्याची किल्ली एकाच माणसाच्या खिशात.

२६ एप्रिल, शनिवार

आज मला पुस्तक वाचून दाखवायला बसवलं. काडतुसं भरणाऱ्यांची जाडजूड पुस्तकं असतात. कुठली गोळी, कुठली पावडर, सुरुवात किती ग्रेन वजनावर करायची आणि जास्तीत जास्त किती. डॉईल खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून ऐकत होता, मी कारकुनासारखा वाचत होतो. स्वतः वाचता येत नाही का याला? साहेबी दुसरं काय. ऑफिसातही हल्ली तेच चाललंय. ड्रॉइंग समोर टाकतो आणि म्हणतो, "तू बोल, मी ऐकतो."

त्याची आवडती पावडर बारीक गोल दाण्यांची, सावकाश जळणारी. तिच्या पानावर चौकटीत सूचना: दिलेल्या आकड्यापेक्षा वर जाऊ नका, आणि खालीही येऊ नका. मी थांबलो. वरचं कळलं. खाली का नाही?

"नखरेल आहे ती," डॉईल डोळे न उघडता म्हणाला. "पोटभर दिलं नाही तर रुसते. पुढे वाच."

केमिकल इंजिनिअरला हे पटायचं नाही. पावडर कमी, तर गॅस कमी, तर दाब कमी. यात धोका कसला? या देशात कॉफीच्या कपावरही गरम आहे म्हणून लिहितात. वकिलांची भाषा असणार.

१७ मे, शनिवार

पहिल्यांदा रेंजवर गेलो. रोझेनबर्गच्या पुढे माळरानात आहे, त्यांच्या क्लबची. डॉईलने ट्रकची चावी माझ्याकडे फेकली. "तू चालव." जाताना आणि येतानाही मीच. आता ड्रायव्हरही झालो.

कानावर मफ असूनही पहिला बार छातीत वाजला. त्याचे दोन्ही हात कपाळापर्यंत उडाले आणि तो मुलासारखा हसला. मग मला दिलं. मी एकदाच झाडली. कागदाला लागली की नाही माहीत नाही, डोळे मिटले होते. "घाबरू नकोस, ती पुढच्या बाजूने मारते," म्हणाला आणि पाठीवर जोरात थाप मारली.

येताना त्याने लोरीनचं सांगितलं. ती यायची त्याच्याबरोबर, खुर्ची टाकून विणत बसायची, आणि बार झाला की मान वर न करता गुण द्यायची. "सात." "नऊ." नेम कुठे लागला ते तिने कधी पाहिलंच नाही म्हणे. हसत हसत सांगत होता. मी एसी वाढवला.

२२ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी अंघोळ करून घरीच त्रिशरण-पंचशील घेतलं. 'पाणातिपाता वेरमणी', जीवहत्या करणार नाही, म्हणताना अडखळलो. उपासनाने पाहिलं. कागदावर गोळी झाडली तर कोण मरतं? कोणी नाही. पण डॉईलला हिवाळ्यात रानडुकरं मारायला जायचंय आणि त्याची काडतुसं मी मोजणार.

ऑफिसात दोन ओळी बोललो असतो तर चाललं असतं का? 'सर, आमच्या धर्मात हे बसत नाही.' मनात चार वेळा म्हणून बघितलं. मग त्याने येता-जाता विचारलं, "शनिवारी ना?" मी मान हलवली.

१४ जून, शनिवार

आता पावडर मोजायचं काम पूर्ण माझ्याकडे. डॉईल तराजूच्या दांडीवरचं सरकतं वजन हव्या त्या खाचेत बसवतो. अगदी नाक टेकवून, वेळ घेऊन. ते मात्र दुसऱ्याला करू देत नाही. मग मी चमच्याने दाणे टाकत जायचं, दांडी मध्यावर आली की केसमध्ये ओतायचं. खरं सांगायचं तर एवढा भाग मला आवडतो. दांडी डोलत डोलत थांबते तेव्हा डोक्यातलं सगळं थांबतं.

पण तो दर शनिवारी खाच पुढे सरकवतोय. आज पुस्तकातल्या शेवटच्या आकड्यावर पोचलो. रेंजवर उडवलेल्या केस रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातून निघेनात, काठीने ठोकून काढाव्या लागल्या. तळाच्या टोप्या अंगठ्याने दाबल्यासारख्या चपट्या झालेल्या. दाब जास्त झाला की असंच होतं, हे त्याच पुस्तकात आहे. मी त्या त्याला दाखवल्या. त्याने हातात घेतल्या, बोटाने चाचपल्या, खिशात टाकल्या.

"चाळिशीत असताना मी याहून वर भरायचो. जुन्या पुस्तकांत आकडे मोठे होते, नंतर सगळे भित्रे झाले. लू, तू इंजिनिअर आहेस. आणखी किती वर जाता येईल, हिशेब करून सांग."

पावडर थोडी वाढली तर दाब थोडाच वाढतो असं नाही. शेवटी शेवटी तो उडीच मारतो. हे मला कळतं. हे मी त्याला सांगायला हवं होतं.

"बघतो, सर," म्हटलं.

२७ जून, शुक्रवार

जाहिरात निघाली. आमच्या ट्रेड मासिकात आणि रविवारच्या पेपरात. माझंच वर्णन, माझंच शिक्षण, माझाच अनुभव, फक्त नाव नाही. उपासनाने दोनदा वाचली आणि म्हणाली, "माणूस चांगला दिसतो."

२ जुलै, बुधवार

डॉईलच्या टेबलावर अर्ज आलेत. मी ड्रॉइंग घेऊन गेलो तर त्यावर हात आपटून म्हणाला, "बघ, लू, लुइझियानाचे दोन पठ्ठे आहेत इथे. एकजण तर मासे पकडण्यात चॅम्पियन असल्याचं लिहितो. तुझी काही खैर नाही!" आणि मोठ्यांदा हसला.

मीही हसलो. टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं.

पुढच्याच वाक्यात त्याने विचारलं, "हिशेब केलास? किती वर जायचं?" म्हणजे काय समजायचं मी? मी म्हटलं, हिशेब चालू आहे. तो म्हणाला, "राहू दे, मला जुना आकडा आठवतोय. बारा तारखेला ये. तोच भरू."

५ जुलै, शनिवार

आज सुट्टी मिळाली, डॉईल कुणाकडे बार्बेक्यूला गेला. आम्ही गॅल्व्हेस्टनला समुद्रावर गेलो. हर्षिता वाळूत खड्डा खणत होती. मी उपासनाला सगळं सांगितलं. जुना आकडा पुस्तकाच्या कितीतरी वर आहे. रिव्हॉल्व्हर फुटलं तर त्याचा हात जाईल, डोळे जातील, शेजारी मी असेन.

"मग नाही म्हणा."

"आणि अर्ज?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी हर्षिता दुसरीत जाईल. नागपूरला गेलो तर तिला मराठी वाचायलाही येणार नाही."

उकाडा भयंकर होता.

१२ जुलै, शनिवार

मार्ग काढला. लिहून ठेवतो, कारण बरं वाटतंय.

डॉईलने नेहमीसारखं नाक टेकवून वजन जुन्या आकड्याच्या खाचेत बसवलं आणि आइस-टी आणायला आत गेला. मी वजन मागे सरकवलं. पुस्तकाच्या आकड्यावर थांबणार होतो, पण त्याच आकड्यावर तर मागच्या वेळी केस अडकल्या होत्या. म्हणून आणखी मागे. पुस्तक जिथून सुरुवात करा म्हणतं त्याच्याही बरंच खाली. एकदा सुरक्षित करायचंच तर पूर्ण करावं.

तो आला, खुर्चीत बसला. "आहे ना बरोबर?"

"यस, सर."

त्याने तराजूकडे बघितलंसुद्धा नाही. पूर्वी म्हणे तो प्रत्येक दहाव्या काडतुसाला पुन्हा वजन करायचा. माझ्यावर विश्वास बसला असावा.

झाडताना धक्का कमी बसेल, तेवढं त्याच्या लक्षात येईल. मी म्हणेन, पावडर जुनी झाली असेल. निदान कोणाचा हात जाणार नाही. परत येताना गाडीत शीळ घालत होतो.

२६ जुलै, शनिवार

अक्षर वाकडं येतंय.

रेंजवर फक्त आम्ही दोघं. डॉईलने ती काडतुसं चक्रात भरली, पाय फाकवून उभा राहिला, चाप ओढला. बार झाला, पण लंगडा. तो पुटपुटला, "हे काय?" दुसऱ्यांदा ओढला. या वेळी बार नाही, नुसतं फुस्स. फुगा सोडल्यासारखं. हात हलले नाहीत. कागद हलला नाही. डॉईलने डोकं झटकलं आणि अंगठ्याने घोडा पुन्हा मागे ओढला.

तेव्हा मला ती चौकट दिसली. 'खालीही येऊ नका.' पावडर पेटलीच नाही नीट. गोळी बाहेर गेली नाही. ती नळीत अडकली आहे आणि हा तिच्यामागे दुसरी झाडतोय.

मी ओरडलो, "थांबा! थांबा!" मराठीतच. आणि त्याच्या दंडावर दोन्ही हात टाकून खाली दाबलं. तो माझ्यावर खेकसला. रेंजवर हत्यार हातात असलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही.

"सर, गोळी आत आहे. ती बाहेर आली नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली सोडला, चक्र उघडलं. न जळलेले पिवळट दाणे त्याच्या तळहातावर सांडले. सळई नळीत घातली, ती अर्ध्यावर जाऊन थांबली.

डॉईल बाकावर बसला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"आवाज वेगळा आला."

"मला नाही ऐकू आला वेगळा. लू, तू माझा जीव वाचवलास." त्याने माझा हात हातात घेतला. मी सोडवून घेतला.

२ ऑगस्ट, शनिवार

डॉईलने उरलेली सगळी काडतुसं फोडून पावडर पुन्हा तोलली. मला फोन करून सांगत होता. सगळ्यांत कमी, आणि सगळ्यांत सारखीच कमी. "म्हणजे तुझं मोजणं बरोबर होतं. वजन मी बसवलं होतं. मीच चुकीच्या खाचेत बसवलं." मग म्हणाला, "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

मी म्हटलं, "होतं कधी कधी, सर."

फोन ठेवला आणि पहिला विचार आला की सुटलो. शनिवार सुटले. त्याने ओळखलं नाही, फाइल शाबूत आहे, आणि तो आता पुन्हा भरणार नाही. उपासनाला सांगितलं तर तिने डोळे मिटून श्वास सोडला.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असेल.

११ ऑगस्ट, सोमवार

डॉईल ऑफिसात आला तो त्याच्या मुलीच्या गाडीतून. कॅरन डॅलसला असते, आठवड्यासाठी आली आहे. डॉईलने ट्रकच्या चाव्या तिला देऊन टाकल्या. ड्रॉइंग तपासायचं काम दुसऱ्याकडे दिलं. मीटिंगमध्ये एक साधा आकडा विचारला तर म्हणाला, "मला विचारू नका, मी चुकीचा सांगेन." सगळे हसले. तो विनोद करत नव्हता.

दुपारी कॅरन माझ्या क्युबिकलमध्ये आली. गोरीपान, दमलेली, डॉईलसारखीच हनुवटी. काही बोलायच्या आत तिने मला मिठी मारली.

"तुम्ही नसता तर मी आज वडिलांना पुरत असते. दोन वर्षं सांगतेय त्यांना, एकटे राहू नका, ऐकतच नव्हते. आता स्वतःच म्हणाले, घर विक. म्हणाले, माझा माझ्यावर भरवसा उरला नाही."

ती रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

उपासनाशी भांडण. मी म्हटलं, मी त्याला सांगणार. ती पोळी लाटता लाटता थांबली.

"काय सांगणार? की मी तराजूत फेरफार केला? तुमच्या साहेबाला मारायला निघाला होतात असं लिहून देतील. व्हिसा राहू द्या, तुरुंगात घालतील."

"तो घर विकतोय, उपासना. त्याला वाटतंय त्याची चूक झाली."

"म्हातारा आहे, आज ना उद्या विकणारच होता. तुम्ही त्याला वाचवलं ना शेवटी? मग? आपल्यासाठी कोण थांबलंय? मला इथे नोकरी करता येत नाही, तिकडे कोणी ठेवलेली नाही. हर्षिताला काय सांगायचं?"

हर्षिता दारात उभी होती. "आर यू गाइज फायटिंग?" उपासना म्हणाली, नाही, बाबांना भूक लागलीये.



१६ ऑगस्ट, शनिवार

गेलो. उपासनाला न सांगता.

डॉईल मागच्या पोर्चवर बसला होता. कॅरन आत खोकी भरत होती, टेपचा आवाज येत होता. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"सर, वजन तुम्ही बरोबर बसवलं होतं. तुम्ही आत गेल्यावर मी ते मागे सरकवलं."

तो समोरच्या पेकानच्या झाडाकडे बघत होता. पहिला प्रश्न विचारला तो इंजिनिअरचा.

"किती?"

मी आकडा सांगितला.

"पुस्तकात वाचलं होतंस तू. मोठ्याने वाचलं होतंस."

"मला खरं वाटलं नव्हतं."

"का केलंस?"

"भीती वाटत होती. ते फुटेल याची."

"मग मला सांगायचं. 'डॉईल, तू मूर्ख आहेस, मी हे भरणार नाही.' एवढंच."

"तुमचीही भीती वाटत होती."

"माझी?" तो आता वळला. "मी तुझं काय वाकडं केलं?"

"माझी फाइल. अर्ज. तुम्ही म्हणाला होतात, लुइझियानाचे दोघं..."

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता उठेल. तो उठला नाही. "शनिवार," तो म्हणाला. "सगळे शनिवार तू त्यासाठी येत होतास?"

मी मान हलवली.

आत टेप फाडल्याचा आवाज झाला. डॉईलने विचारलं, आणि आवाज अगदी बारीक होता, "म्हणजे मी ते बरोबर खाचेत बसवलं होतं?"

"अगदी बरोबर. मी पाहिलं होतं."

"बरोबर खाचेत," तो स्वतःशीच म्हणाला. मग, "माझा जीव गेला असता, पोरा. घरी जा."

३० ऑगस्ट, शनिवार

ऑफिसात डॉईल माझ्याशी बोलत नाही. काम असलं की दुसऱ्याकडून निरोप. कॅरन डॅलसला परत गेली, ट्रकच्या चाव्या मात्र तिने परत दिल्या नाहीत. उपासना मला वाढते, हर्षितामार्फत बोलते. 'बाबांना विचार, भात हवा का.' हर्षिता विचारते, 'डू यू वाँट राइस?' मी नागपूरच्या दोन कंपन्यांना बायोडाटा पाठवला.

अतुलला फोनवर सांगितलं. "यार, तू वेडा आहेस," म्हणाला. मग म्हणाला, "जेवायला ये रविवारी."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पर्सोनेलच्या बाईंनी बोलावलं. त्या म्हणाल्या, अर्जांचं काम पूर्ण झालं. डॉईलने प्रत्येकाला फोन करून बोलून घेतलं होतं, कोणालाच आमच्या प्रोसेसचा अनुभव नाही असं रीतसर लिहून दिलं. फाइल लेबर खात्याकडे गेली.

"कधी लिहिलं त्यांनी?" मी विचारलं.

"जुलैत. आमच्याकडूनच उशीर झाला, सॉरी."

जुलैत. मी वजन मागे सरकवलं त्याच्या आधी की नंतर, विचारायचं धाडस झालं नाही. उपासनाला सांगितलं. ती सोफ्यावर बसून रडली आणि मग पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. "आता तरी त्या माणसाला भेटून या."

मी म्हटलं, त्याने बोलावल्याशिवाय कसा जाऊ.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉईल महिनाअखेरीस रिटायर होतोय. केक कापला. भाषणात म्हणाला, "डॉक्टर सांगतात, डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडलाय आणि तो वाढणार. कडेचं दिसतं. दोन वर्षं लपवलं, आता लपत नाही. तेव्हा ज्यांची ड्रॉइंगं मी न बघता पास केली त्यांनी देवाचे आभार मानावेत." हशा, टाळ्या.

मी केकची प्लेट हातात धरून उभा होतो. दोन वर्षं. ट्रकची चावी. 'तू बोल, मी ऐकतो.' आणि मी म्हणत होतो, साहेबी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी फोन आला. "लू, गॅरेज रिकामं करायचंय. कॅरन उद्या येते. मदत कर." हो की नाही विचारलं नाही, आणि मी गेलो. या वेळी जावंसं वाटलं म्हणून.

रिव्हॉल्व्हर आधीच पुतण्याला देऊन टाकलं होतं. प्रेस, तराजू, पुस्तकं, डबे टेबलावर मांडून ठेवलेले. डॉईल त्यांच्या थोडं बाजूला बघत म्हणाला, म्हणजे त्यांच्याकडेच बघत होता, "हे सगळं तुझं. कोणी अनोळखी माणसाने नेलेलं मला आवडणार नाही."

माझ्या तोंडात 'थँक यू, सर' आलं होतं. जीभ वळलीसुद्धा होती.

"नाही, डॉईल. मला नकोय. मला बंदुका आवडत नाहीत. आधीही आवडत नव्हत्या."

त्याने मान तिरकी केली, मी कडेने दिसावा म्हणून.

"बरं," म्हणाला. "मग क्लबला देऊ."

एवढंच. मी आणखी काहीतरी होईल म्हणून उभा होतो. काही झालं नाही. तो खोकं शोधायला लागला.

क्लबवाले उघडलेले डबे घेत नाहीत. त्याचं काय करायचं, विचारलं, तर म्हणाला, गवतावर टाकायचं. नायट्रोजन असतं, खत होतं, फक्त ढीग करायचा नाही, पातळ पसरायचं. आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो. त्याने एक डबा घेतला, मी एक. तो चालत चालत मुठीने फेकत होता, पेरणी केल्यासारखं, आणि पाय चाचपत टाकत होता. दाणे पेकानच्या सुकल्या पानांवर पडून बारीक वाजत होते. हवा पहिल्यांदाच थोडी गार होती.

"इथे किती टाकू?" मी विचारलं.

"कितीही टाक."

कुंपणाजवळ पोचल्यावर त्याने रिकामा डबा उलटा करून तळाशी थापटला. "लू म्हटलेलं तुला आवडायचं का?"

"नाही."

"मग काय म्हणायचं?"

"लहू."

त्याने म्हणून बघितलं. जमलं नाही. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा थोडं जवळ आलं. मी म्हटलं, चालेल.